मुळांना लागलेला काळा गाळ

रविवारी सकाळी आठच्या सुमाराला गिरिजाबाईंच्या ओसरीवर डोंगरवह्या उघडायच्या, असा गेल्या तीन वर्षांचा शिरस्ता होता. गाव आष्टीपासून दोन कोसांवर. गावाच्या उत्तरेला मुरुमाची एक बोडकी टेकडी होती, तिलाच गाव मोठ्या कौतुकाने डोंगर म्हणायचं. मुलं आठवडाभरात त्या डोंगरावरून एखादं पान, एखादं फूल आणायची. बाई ते ओळखायला शिकवायच्या, जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवून घ्यायच्या आणि वहीत चिकटवायला लावायच्या. खाली तीन ओळी लिहायच्या: नाव, ठिकाण, कोणी आणलं.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन बाईंना नऊ वर्षं झाली होती. आवाज चढवून बोलायची सवय त्यांना नोकरीतही नव्हती. पण वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी प्रत्येकाकडून एक नियम लिहून घेतला होता आणि त्याला तडजोड नव्हती: झाड डोंगरावरचंच हवं, कालव्याच्या चारीवरचं पान वहीत चिकटणार नाही. मागच्या हिवाळ्यात बबलूचा पाय शेवाळावरून घसरला होता आणि तो चारीच्या वाहत्या पाण्यात जाता जाता वाचला होता. त्याच संध्याकाळी बाईंनी हा नियम केला होता.

यंदा भोगी रविवारी आली. घरोघरी बाजरीच्या भाकरी आणि तिळाचं कूट लावलेली भोगीची भाजी व्हायची होती, म्हणून जेमतेम पाच मुलं आली होती. बबलूने बोराटीची डहाळी आणली होती. बोरं मात्र एकही नव्हतं.

"बोरं कुठं गेली रे?" बाईंनी विचारलं.

"पडली असतील वाटंत," बबलू म्हणाला आणि त्याने तोंडातली बी हळूच गालात सरकवली.

मग कनिकाने आपली पुडी उघडली. कनिका नऊ वर्षांची, किराणा दुकानवाल्या कचरूलाल शेठजींची नात. त्यांचं जैन कुटुंब राजस्थानातून चार पिढ्यांमागे आलेलं. पुडीत मुळासकट उपटलेलं वीतभर झाड होतं. जाड, पोकळ, रसरशीत देठ. खालची पानं तीन भागांत चिरलेली, कोथिंबिरीची थोरली बहीण शोभतील अशी. वर बारकी पिवळी फुलं, पाच पाकळ्यांची, प्रत्येक पाकळी तुपाचं बोट फिरवल्यासारखी चकाकणारी. फुलाच्या मधोमध कच्च्या तुतीसारखा हिरवा, उभट गोंडा.

बाईंचा पुढे गेलेला हात जागीच थांबला.

"कोणी हात लावू नका," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मुलांना काही वाटलं नाही. बाईंना मात्र हे फूल ओळखीचं होतं. त्यांची पहिली नेमणूक तलावाकाठच्या एका गावी होती. तिथल्या एका मुलीने हेच फूल हौसेने कानात खोवलं होतं आणि दुपारपर्यंत तिचा कान टरारून फोडांनी भरला होता. त्या गावची गुरं तलावाकाठचं सगळं गवत साफ करायची, पण ह्या झाडाला तोंड लावायची नाहीत.

"कुठं मिळालं गं?" बाईंनी विचारलं.

"डोंगरावर," कनिका म्हणाली. "म्हसोबाच्या दगडापाशी."

"म्हसोबापाशी?" बबलू हसला. "बाई, तिला इचारा, तिथं हीर खांदली का कुणी. मी कालच गेल्तो. तिथं कुसळाबिगर काय बी न्हाई."

"तुला दिसत न्हाई तर मी काय करू?" कनिका म्हणाली. "पुस्तकात हाये. डोंगरातलंच फूल हाये हे. बटरकप."

पुस्तक बाईंनीच तिला दिलं होतं. हिमालयातल्या फुलांच्या रंगीत चित्रांचं. त्यात बर्फाच्या डोंगराखाली अशाच पिवळ्या, चकाकत्या फुलांचा गालिचा होता. पोरीने चित्राशी पडताळून पाहिलं होतं आणि जात बरोबर ओळखली होती. एरवी बाईंनी तिची पाठ थोपटली असती.

पण कनिका उजव्या हाताने पुडी धरून होती आणि डावा हात पाठीमागे होता.

"हात दाखव बरं."

हात पुढे आला. तळव्यापासून मनगटापर्यंत लाल झाला होता आणि दोन बोटांच्या बेचक्यात टपोरा फोड होता. उजव्या हाताचीही तीच गत. एक झाड उपटून दोन्ही हात मनगटापर्यंत असे होत नाहीत. पुडीच्या कागदाला तीन-चार तुटके देठही चिकटले होते आणि ते ह्या झाडाचे नव्हते, कारण हे झाड अखंड होतं.

म्हणजे पोरीने बरंच तोडलं होतं. आणि आज भोगी होती. कोथिंबिरीसारखं दिसणारं काहीतरी ओंजळी भरभरून तोडलेलं, आणि अकरा-साडेअकरापर्यंत घराघरातून ताटं मांडली जाणार होती. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. साडेआठ होऊन गेले होते.

त्यांनी बाकीच्या मुलांना तिळाची एकेक वडी देऊन घरी पिटाळलं. कनिकाला न्हाणीपाशी नेलं, साबण लावून दोन्ही हात धुतले आणि बादलीतल्या गार पाण्यात बुडवून ठेवायला लावले. तेवढ्यात सायरबाईंना, म्हणजे कनिकाच्या आजीला, फोन लावला. रिंग वाजत राहिली. सणाचा दिवस, दुकानात गर्दी असणार. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"राहिलेलं कुठं ठेवलंस, बाळा?"

"राहिलेलं न्हाईच," कनिका पाण्याकडे बघत म्हणाली. "एवढंच होतं. म्हसोबापाशी."

बाईंच्या जिभेवर चार कडक शब्द आले होते. ते त्यांनी गिळले. चाळीस वर्षं मुलांत काढल्यावर त्यांना एवढं पक्कं कळलं होतं, की घाबरलेलं लेकरू खोटं घट्ट धरून ठेवतं. ओढायला जावं तर मूठ आणखी आवळते. शेठजींच्या घरी जाऊन स्वयंपाक थांबवता आला असता. पण दुसऱ्या कुणाच्या घरी गेलं असेल तर ते एकट्या कनिकालाच माहीत होतं. घाई करायची तर आधी सावकाशीने बसायला हवं होतं. त्यांचे पाय मात्र उठून पळायला बघत होते.

त्यांनी झाड कागदासकट उचलून न्हाणीच्या दगडावर ठेवलं आणि चिमट्याने त्याची मुळं पसरली.

"आपण त्यालाच विचारू कुठलं ते. हात न लावता बघ. मुळं कशी आहेत?"

कनिकाने मुळांकडे पाहिलं. मग म्हणाली, "पांढरी. दोऱ्यासारखी."

"आणि मागच्या रविवारी तू कुसळाचं मूळ आणलं होतंस, ते?"

"ते कडक होतं. तुटता तुटत नव्हतं."

"का बरं?"

"त्याला पाण्यासाठी लांब जावं लागतंय. मुरमातून." हे बाईंनीच शिकवलेलं होतं आणि ते म्हणताना पोरीचा आवाज थोडा बारीक झाला.

"मग ह्याला?"

बाईंनी चिमट्याचं टोक मुळांमध्ये चिकटलेल्या मातीवर ठेवलं. माती काळीभोर, लोण्यासारखी मऊ. डोंगरावरचा मुरूम तांबडा, हातात घेतला की खडेच खडे. त्या काळ्या गाळात तिळाएवढं काहीतरी पांढरं दिसत होतं.

"ते काय आहे?"

कनिकाने वाकून पाहिलं. "शंख हाये बाई. बारका. गोगलगाईचा." आणि मग, आपण काय बोललो हे कळून ती तशीच वाकून राहिली.

"पुस्तकातलं चित्रही खरंच आहे बरं का," बाई म्हणाल्या. "त्या डोंगरात बर्फ वितळून सारखं पाणी झिरपतं, त्या ओलीत हे फुलतं. आपल्या डोंगरावर दिवाळीनंतर थेंब नाही. नाव डोंगराचं असलं तरी ह्याच्या मुळांना चिखल लागतो."

बादलीतल्या पाण्यात कनिकाचे हात हलले. डोळ्यांत पाणी तरळलं होतं, तरी ओठ घट्ट मिटलेले. बाईंनी घड्याळाकडे बघायचं टाळलं. आत जाऊन त्यांनी कनिकाची वही आणली, पहिलं पान उघडलं आणि नियमाच्या ओळीवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली.

"हा नियम मी केला, तू पाण्यात पडू नयेस म्हणून," त्या म्हणाल्या. "पण तो असा केला, की तुला चारीवर गेलेलं सांगता येईना. ती चूक माझी. आता तो नियम नाही. कुणी खाल्लं तर तोंडाला, पोटाला फोड येतील, बाळा. मला घाई आहे आणि मला भीतीपण वाटतेय. कुठं कुठं गेलंय तेवढं सांग."

आपल्या बाईंना भीती वाटते, हे कनिकाने पहिल्यांदाच ऐकलं असावं. तिने मान वर केली आणि मग सगळं एका दमात बाहेर आलं.

"मी अन् अर्पिता गेल्तो. काल सांजच्याला. चारीच्या पाझरावर. सगळे म्हणत होते तुमच्या भाजीत गाजर न्हाई, कांदा न्हाई, मंग ती कसली भोगी. जमिनीखालचं आमच्यात चालत न्हाई ना बाई. तर मी म्हणलं, गाजराच्या बदली मी असं काही घालते की तुमच्या कुणाच्याच भाजीत न्हाई. ते कोथिंबिरीसारखं होतं. दोन जुड्या केल्या. एक आमच्या घरी ठेवली सैपाकघरात. एक अर्पितानं नेली."

"अर्पिताच्या घरी?" अर्पिता तिची जिवलग मैत्रीण, आज ओसरीवर आली नव्हती.

"ते आज मळ्यात जाऊन राह्यले. तिथंच जेवण हाये त्यांचं. घोळाणा करणारेत."

बाई उठल्या. भाजीत शिजलं असतं तर ह्या पानाची धार थोडी तरी कमी झाली असती. घोळाणा म्हणजे हरभऱ्याचा कोवळा पाला, कांद्याची पात, मीठ, तिखट आणि कच्चं तेल. सगळं जसंच्या तसं, कच्चंच.

शेठजींचं घर वाटेतच होतं. सायरबाई चुलीपाशी पाटावर बसल्या होत्या. चुलीवर मोठं पातेलं, त्यात भाजी रटरटत होती. बाईंचा श्वास लागला होता.

"सायरबाई, त्यात एखादी जुडी घातलीत का? कोथिंबिरीसारखी? पिवळ्या फुलांची?"

"ती होय?" सायरबाईंनी खिडकीकडे बोट केलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली जुडी तिथे पडली होती. "कोण आणली, काय आणली, पत्ता न्हाई. ज्याचं नाव माहीत न्हाई ते आमच्यात खात न्हाईत, गिरजाबाई. फळ असो का पान. म्हणलं ही छोरी उठली की विचारू, तर ही गेली तुमच्याकडं." मग त्यांची नजर नातीच्या हातांवर गेली. "अगं माय, हे काय झालं?"

"नंतर सांगते," बाई म्हणाल्या. "तिचे हात गार पाण्यात ठेवायचेत. जुडीला हात लावू नका, चिमट्याने उचला. दैवशालाचा फोन आहे का तुमच्याकडे?"

दैवशाला म्हणजे अर्पिताची आई. फोन होता, पण मळ्यात रेंज नव्हती. दुकानातून कचरूलाल शेठजी आले. काय झालं हे त्यांनी अर्धंच ऐकलं आणि स्कुटी काढली.

"बसा बाई. बराबर धरून बसा. कालव्याचा रस्ता खराब हाये."

"मी पण येणार," कनिका म्हणाली. सायरबाई नको म्हणत होत्या. बाईंनी एक क्षण विचार केला. इथे बसून ती काय काय मनात आणील, ह्यापेक्षा बरोबर आलेली बरी. ओला पंचा हातांना गुंडाळून त्यांनी तिला मध्ये बसवलं.

रस्त्याभर उसाच्या बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या होत्या. शेठजींची स्कुटी त्यांच्यासारखीच सावकाश जाणारी. बाईंच्या डोक्यात हिशेब चालू होता: नैवेद्य दाखवल्याशिवाय दैवशाला कुणाला वाढणार नाही, म्हणजे थोडा वेळ आहे. पण पोरं आधी तोंडात टाकतात. अर्पिता टाकील. अर्पिताचा लहान भाऊ टाकील. पुढे बसलेल्या कनिकाच्या पाठीला बाईंचा हात होता.

मळ्यात लिंबाखाली घोंगडी अंथरलेली होती. दैवशाला भाकरी थापत होती. अर्पिता एका बाजूला गुडघ्यांत हात खुपसून बसली होती. आणि तिचे आजोबा, रामराव, तांब्याभर ताक घटाघटा पिऊन सुनेवर डाफरत होते.

"मिरच्या सस्त्या झाल्या का गं बाजारात? जीभ भाजून राह्यली माझी."

"मामंजी, एकच मिरची हाये त्यात," दैवशाला म्हणाली. "सकाळधरनं मलाच बोलून राह्यले. अर्रे, बाई? शेठजी? तुम्ही इकडं?"

बाईंची नजर परातीवर गेली. घोळाणा तसाच होता. पण शेजारी खलबत्ता होता. रामरावांच्या तोंडात दात नव्हते. त्यांना घोळाणा ठेचून लागायचा आणि नैवेद्यापर्यंत थांबायचा धीरही त्यांना नसायचा. ठेचलेल्या पानाचा रस तर आणखी जहाल.

"दैवशाला, कुणी खाल्लंय ह्यातलं?"

"मामंजींनीच दोन घास. अजून कुणाला दिलं न्हाई. का?"

बाईंनी सांगितलं, मोजक्या शब्दांत, न घाबरवता. तरी दैवशालाच्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीत पडली. बाईंनी रामरावांना पुन्हा पुन्हा चूळ भरायला लावली. खालचा ओठ सुजायला लागला होता. म्हातारा आता डाफरत नव्हता आणि तेच बाईंना जास्त घाबरवणारं होतं.

"पोटात कसं वाटतं, रामराव?"

"आग पडल्यावानी," ते म्हणाले. "मला वाटलं, सुनेनं वैर काढलं."

अर्पिता हुंदके द्यायला लागली. तिच्याही हातांवर फोड होते. काल संध्याकाळपासून हात चुणचुणत होते, पण चारीवर गेलेलं सांगायचं नाही असं कनिकाशी ठरलं होतं, म्हणून तिने खाजकुयली लागली असं आईला सांगितलं होतं. आईने खोबरेल लावलं होतं आणि जुडी परातीत चिरली होती.

शेजारच्या मळ्यातली जीप मिळाली. रामराव, दैवशाला आणि बाई आष्टीच्या दवाखान्यात गेले; पोरांपाशी शेठजी थांबले. बाईंनी घरून निघतानाच ते झाड कागदाच्या पुडीत बरोबर घेतलं होतं. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, त्यांनी पुडी उघडून पाहिली, फोनवर कुणाला तरी विचारलं, सलाईन लावली आणि म्हणाल्या, "किती खाल्लं?"

"दोन घास."

"वय?"

"चौऱ्याहत्तर," दैवशाला म्हणाली.

डॉक्टरांनी रामरावांची नाडी पुन्हा धरली. बाईंनी बाहेरच्या बाकावर सगळी दुपार काढली. दर अर्ध्या तासाने त्या पडद्याआड डोकावायच्या. रामरावांना दोनदा उलटी झाली, मग पोटातली कळ कमी झाली, मग ते झोपले. झोपले की ग्लानी आली, हे बघायला बाई तीनदा उठल्या. चार वाजता म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि सुजल्या तोंडाने विचारलं, "भोगी झाली का?"

"व्हायचीय," दैवशाला म्हणाली आणि पदराने तोंड झाकून रडली.

एक दिवस ठेवून घेऊन त्यांना घरी सोडलं. तोंडातले फोड बरे व्हायला मात्र आठवडा गेला. पेज आणि ताक, ताक आणि पेज. गुरुवारी बाई कनिकाला घेऊन त्यांना बघायला गेल्या. पोर दारातच थबकली. आत येईना.

"ये की," रामराव म्हणाले. "तुझ्या पानानं सून बदनाम झाली माझी. उगं तिच्या मिरचीला बोललो मी." कनिकाची मान आणखी खाली गेली, तसे ते उठून बसले. "हे बघ. पुढल्या भोगीला तू आमच्याकडं गाजर आणून दे. तू खाऊ नको. नुसतं आण. गाजर मला वळखू येतं."

कनिका हसली नाही. पण आत आली आणि खाटेच्या पायथ्याशी बसली.

पुढच्या रविवारी बाई सात मुलांना घेऊन स्वतः चारीवर गेल्या. दैवशालाही आली होती, अर्पिताचा हात धरून. पाण्यापासून चार पावलांवर बाईंनी काठीने चिखलात रेघ ओढली आणि रेघेच्या अलीकडे सगळ्यांना उकिडवं बसवलं. पाझराच्या काळ्या चिखलात ती झाडं दाटीने उभी होती, ऊन पडलं की पाकळ्या चमकायच्या. कुणीही हात लावला नाही. बबलूसुद्धा हात काखेत दाबून बसला होता.

"हिंदीत ह्याला जलधनिया म्हणतात," बाईंनी सांगितलं. "धने म्हणजे आपली कोथिंबीर. ज्यांनी नाव ठेवलं, त्यांनाही ते कोथिंबिरीसारखंच वाटलं होतं. म्हणून पानावरून ओळखायचं नाही. देठ पोकळ आहे का, फूल चकाकतं का, मध्ये गोंडा आहे का, आणि पाय कुठे आहेत, हे सगळं बघायचं."

वाळवलेलं झाड बाईंनी हातमोजे घालून, पारदर्शक कागदाखाली, कनिकाच्या वहीत चिकटवलं होतं. कनिकाने मांडीवर वही घेऊन खाली तीन ओळी लिहिल्या. नाव: जलधनिया. ठिकाण: चारीचा पाझर, काळा चिखल. तिसऱ्या ओळीपाशी ती थांबली.

"बाई, कोणी आणलं, तिथं दोघींची नावं लिहू?"

बाईंनी अर्पिताकडे पाहिलं. अर्पिताने आईकडे पाहिलं आणि मान हलवली.

कनिकाने दोन्ही नावं लिहिली.

परतताना बाई सगळ्यांच्या मागे चालल्या. रेघेपाशी त्यांनी मुलं मोजली, सात. डांबरी रस्त्याला लागल्यावर पुन्हा मोजली. ओसरीवर पोचल्यावर मुलं वड्यांच्या डब्यावर तुटून पडली होती, तेव्हा त्यांनी दारात उभं राहून आणखी एकदा मोजली.